पाइप कोणता ते नंतर, आधी गाडी उभी कशी ते विचारा

संपादक महोदय,

आपल्या वाहन पुरवणीत परफॉर्मन्स गाडीला चॅसिस ब्रेस, म्हणजे बॉडी लवू नये म्हणून खालून जोडायची आधाराची नळी, वेल्ड करून घेण्याविषयीचा लेख वाचला. पाइपचा व्यास, पत्र्याची जाडी, स्टीलचा दर्जा, सगळ्यावर लेखकाने भरपूर लिहिले आहे. गाड्यांच्या बॉडीचे वेल्डिंग हा माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून राहून गेलेले लिहितो. वेल्ड मारताना गाडी उभी कशी असावी, याबद्दल लेखात अवाक्षर नाही, आणि काम बिघडते ते बहुधा तिथेच.

दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी चढवली की चाके लोंबतात आणि बॉडी चार टेकूंवर किंचित वाकते. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. दार उघडून लावून बघा, एरवी अलगद बसणारे कुलूप घासते. छप्पर उघडणाऱ्या गाडीत तर दार चक्क अडते. अशा अवस्थेत पुढची-मागची सबफ्रेम (सस्पेन्शन ज्यावर बसते तो सांगाडा) जोडून टाकली की तो बाक गाडीच्या अंगी कायमचा मुरला. बोल्टचा ब्रेस सैल करून पुन्हा बसवता येतो, वेल्ड कापावाच लागतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे जाळूनच पीळ भरला जातो!

म्हणून गाडी सपाट रॅम्पवर, स्वतःच्या चाकांवर, सस्पेन्शनवर पूर्ण भार असताना हवी. आधी सगळीकडे नुसते टाके, म्हणजे तात्पुरते छोटे वेल्ड, मारायचे, दारे लावून बघायची, मग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे वेल्ड करत जायचे. एका दमात लांब सांधा ओढला की थंड होताना तो आकसतो आणि शेजारचा पत्रा ओढून घेतो.

महागड्या हाय-स्ट्रेंग्थ नळीने गाडी जास्त ताठ होते, हे लेखातले विधान मात्र चूक आहे. साधे स्टील असो वा क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेले स्टील), लवचिकता गुणांक, म्हणजे धातूच्या ताठपणाचे माप, साधारण 200 ते 210 गिगापास्कलच. महाग नळी तुटायला किंवा कायमची वाकायला जास्त जोर लागेल, पण आकार तोच असेल तर त्याच भाराखाली ती साध्या नळीइतकीच लवेल. ताठपणा येतो आकारातून. व्यास मोठा आणि मुख्य म्हणजे रेष सरळ. एक्झॉस्ट चुकवण्यासाठी मध्ये कोपर काढलेला ब्रेस दिसायला झकास, पण भार आला की कोपरातच लवतो.

आता कुठे वेल्ड करू नये ते. बी-पिलरसारख्या (पुढच्या-मागच्या दारांमधला खांब) जागी हल्ली तापवून दाबलेले बोरॉन स्टील असते, ताकद साधारण 1500 मेगापास्कल. ड्रिल पत्र्यावर नुसते किंचाळत राहिले, की समजावे. वेल्डच्या उष्णतेने सांध्याशेजारचा पट्टा मऊ पडतो आणि अपघातात नेमका तोच दगा देतो. पुढच्या, बंपरमागच्या दांड्यांच्या टोकांनाही हात लावू नये. धडकेत चुरडून माणसाला वाचवणे हेच त्यांचे काम. 1959 च्या मर्सिडीझपासून हे तत्त्व उत्पादनातल्या गाड्यांत आहे. कंपनीच्या बॉडी रिपेअर मॅन्युअलमध्ये कुठले स्टील कुठे ते रंगवून दाखवलेले असते. ते न बघता वेल्डिंग टॉर्च हातात घेणाऱ्याकडे मी माझी गाडी देणार नाही.

गंजू नये म्हणून पत्र्यावर दिलेल्या जस्ताच्या थराचेही तसेच. जस्त 907 अंश सेल्सियसला उकळते, स्टील वितळते त्याच्या कितीतरी आधी. पांढरा धूर निघाला म्हणजे गंजरोधक थर गेला (आणि तो धूर छातीत गेला तर संध्याकाळी वेल्डरला थंडी वाजून ताप). बाहेरून प्रायमर मारता येतो, पण बंद दांडीच्या आतला थरही जळालेला असतो. तिथे नंतर नळी घालून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीतला गंज रोखणारे मेण) फवारावेच लागते. हे बिलात वेगळे लिहिलेले नसेल तर झालेले नाही, असे धरून चाला.

ब्रेसला माझा विरोध नाही. छप्पर उघडणाऱ्या गाडीला त्याने खरोखर गुण येतो; बंद छपराच्या, रस्त्यावरच्या गाडीला मात्र आधी घट्ट बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) आणि चांगले टायर घालून बघावेत. पुरवणीत पुढचा भाग येणार असेल, तर गाडी कशी उभी करावी याची एक आकृती आणि काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट पुन्हा तपासण्याची सूचना तेवढी छापावी, ही विनंती.

आपला,
एक वेल्डर वाचक