बंड्यास पत्र

मॅडिसन, विस्कॉन्सिन (अमेरिका), 18 ऑगस्ट

प्रिय बंड्या,

तब्येत बरी. शुगर गोळ्यांवर आहे, हिचा खांदा मधूनमधून धरतो. झालं, तो विषय संपला.

आता मुद्दा. चिरंजीव म्हणतात, घर विका आणि डॅलसला या. त्याच्या घराजवळ देऊळ आहे, मंडळ आहे, दुकानात अळूची पानं मिळतात आणि दारातला बर्फ उपसावा लागत नाही. हिने मनातल्या मनात सामान बांधलंसुद्धा. घरांचा एजंट येऊन भिंतींवर टकटक करून गेला. मी 'बघू' म्हणालो. माझं 'बघू' तुला माहीत आहे. अण्णांची स्कूटर त्या 'बघू'वरच गंजली.

पंचाईत अशी की नको म्हणायला माझ्याकडे चारचौघांत सांगण्यासारखं कारण नाही. म्हणून तुला लिहितोय.

परवा काय झालं ऐक. इथे विद्यापीठाच्या आसपासच्या बहुतेक खोल्यांचे करार 14 ऑगस्टला संपतात आणि नवे 15 ला सुरू होतात. मधल्या रात्री पोरं उघड्यावर. कुणी गाडीत झोपतं, कुणी मित्राच्या व्हरांड्यात. न पेलणारं सगळं फुटपाथवर टाकून जातात, सोफे, गाद्या, टेबललॅम्प, आणि बाकीचं गाव ते उचलत हिंडतं. याला म्हणतात 'हिप्पी ख्रिसमस'. तिकडे झेंडावंदन, इकडे बिऱ्हाडबदल. मीही चक्कर मारतो. ही म्हणते, भंगारवाल्याच्या जातकुळीचा आहेस.

तर मिफ्लिन स्ट्रीटवर, एका मोडक्या रॅकच्या वरच्या फळीवर, प्रेशर कुकर! आपल्याकडचा, तीन लिटरचा. झाकणावर चिकटपट्टी आणि त्यावर बॉलपेनने, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा ठसठशीत अक्षरात: 'वरण 4, भात 3, बटाटे 5. शिट्टी रोज धुणे.' खाली पोराने इंग्रजीत चिठ्ठी लावलेली, चालू आहे, फुकट न्या. आणि शिट्टीसकट होता रे! सदाशिव पेठेतली खोली सोडताना कुकर तू पळवलास आणि शिट्टी मी खिशात घातली, तो खटला अजून निकाली निघालेला नाही. वर्गणी मी जास्त दिली होती. हे मी मरेपर्यंत म्हणणार.

उचलून घरी आणला. ही म्हणाली, "सामान कमी करायचंय की वाढवायचंय?"

आधी त्या पोराचा राग आला. आईच्या हातचं झाकण टाकून कसं जाववतं? मग वाटलं, त्याने तरी काय करावं, नोकरी लागली असेल कुठेतरी लांब. हे गावच तसं. 2020 च्या जनगणनेत वस्ती 2,69,840, म्हणजे तुझ्या सांगली-मिरज-कुपवाडच्या निम्मी, आणि विद्यार्थीच पन्नास हजारांच्या आसपास. जुने जातात, नवे येतात, गावाचं वय विशीतच राहतं. म्हातारे होतो आपण. आमच्या कंपूतलं शेवटचं पोस्टडॉकचं, म्हणजे पीएच.डी.नंतर संशोधन करणाऱ्याचं, बिऱ्हाडही जूनमध्ये हललं. यंदा आरतीला टाळ कोण वाजवणार, देव जाणे. तुला बोलावलं असतं, पण तुझा ताल आम्ही एकदा ऐकलाय.

पुण्यातल्या पुलावर बसून केलेलं आपलं भांडण आठवतं? तू म्हणायचास, पुणं घरमालकांचं. आपण डब्यापुरते पुणेकर, डबा बंद झाला की एस.टी. धरायची. मी तावातावाने म्हणायचो, जो शिकला त्याचं शहर. तू एस.टी. धरलीस. मी इथे येऊन घरमालक झालो, आणि आता तुझी बाजू घ्यायची वेळ आली तर घेववत नाही.

कारण इथे माणसं चार वर्षं राहतात, पण राहतात ती मालकासारखी. दोन तळ्यांमधली चिंचोळी पट्टी, एका टोकाला राज्याच्या विधानभवनाचा घुमट, दुसऱ्या टोकाला विद्यापीठाची टेकडी, मध्ये मैलभर स्टेट स्ट्रीट. सरकार आणि पोरं रोज समोरासमोर. 2011 च्या फेब्रुवारीत गव्हर्नर वॉकरने सरकारी नोकरांच्या संघटनांचा वाटाघाटीचा हक्क जवळजवळ काढून घेणारं विधेयक आणलं, तेव्हा माणसं घुमटाखालच्या फरशीवर पथाऱ्या टाकून झोपली. स्टेट स्ट्रीटवरच्या पिझ्झावाल्याला जगभरातून फोन, आमच्या खर्चाने त्यांना जेवू घाला म्हणून. माझ्याही पगाराला कात्री लागली, मीही घोषणा दिल्या. कायदा झाला तो झालाच.

सगळं गोड नाही. स्टर्लिंग हॉलवरून मी रोज जातो. 24 ऑगस्ट 1970 च्या पहाटे तिथे स्फोटकांनी भरलेली व्हॅन उडवली. राग होता इमारतीतल्या लष्कराच्या गणित केंद्रावर, व्हिएतनामच्या युद्धाचा. मेला रॉबर्ट फॅसनॅक्ट, रात्री उशिरापर्यंत काम करत बसलेला 33 वर्षांचा भौतिकशास्त्रज्ञ, त्याचा त्या केंद्राशी संबंधही नव्हता. स्फोट करणाऱ्या चौघांपैकी एक कधी सापडलाच नाही. दुसरा तुरुंगातून सुटून आला आणि लायब्ररी मॉलवर, तिथून हाकेच्या अंतरावर, फळांच्या रसाची गाडी लावायचा. लोक प्यायचे. याला मोठं मन म्हणायचं की कोडगेपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. तू काय म्हणशील तेही माहीत आहे, पण तू वकिली अर्धवट सोडलीस, तेव्हा गप्प बस.

आणि हेच लोक 1979 मध्ये एका सकाळी टेकडीभर हजारावर गुलाबी प्लॅस्टिकचे फ्लेमिंगो रोवतात, आणि 2009 मध्ये नगरपालिका रीतसर ठराव करून त्या प्लॅस्टिकच्या पाखराला शहराचा पक्षी ठरवते! एक गव्हर्नर म्हणालाच होता, हे गाव चारी बाजूंनी वास्तवाने वेढलेलं आहे. शहाणपणाचा माजही तेवढाच. प्रत्येक अंगणात 'सर्वांचं स्वागत आहे'ची पाटी, आणि गल्लीत चार मजली इमारत येणार म्हटलं की त्याच अंगणातले लोक सभेत हरकती घेतात. 2013 मध्ये एक अहवाल आला. त्यात या काउंटीतल्या काळ्या आणि गोऱ्या मुलांमधली दरी देशापेक्षाही मोठी निघाली. गाव महिनाभर हळहळलं. पाट्या मात्र वाढल्या.

तरी शनिवारी सकाळी बाजारात गेलो की माझा सगळा राग उतरतो. विधानभवनाला वळसा घालून शेतकरी बसतात, आणि नियम असा की ज्याने पिकवलं त्यानेच विकायचं. अडत्या नाही, दलाल नाही. तुझ्या सांगलीच्या हळद बाजारात हे सांगून बघ, मारतील. लाओसकडून आलेल्या हमोंग बायकांकडे कारली आणि ताजी कोथिंबीर, पलीकडे दाताखाली कुंयकुंय वाजणारं ताजं चीज. आणि तुला सांगायचंच राहिलं, दुधातली फॅट मोजायची सोपी रीत 1890 मध्ये इथल्याच बॅबकॉक नावाच्या प्राध्यापकाने काढली. पेटंट घेतलं नाही, फुकट दिली. पाणी घालणाऱ्यांची अडचण झाली आणि चोख दूध घालणाऱ्याला न्याय मिळाला. तुझ्या दूध केंद्रावर फॅटवरून होणारी भांडणं ऐकली की मला त्याची आठवण येते. विद्यापीठाने राज्याच्या गोठ्यापर्यंत जायचं, ही इथली जुनी शिकवण आहे, आणि मी पगार खाल्ला तो तिचाच.

डॅलसला नातू असेल, अळूवडी असेल. पण आपलं माणूस कशाला म्हणायचं? मला इथे नावानिशी ओळखणारे आता बोटांवर मोजण्याइतके. तरी सप्टेंबर लागला की टेकडी चढणारी ती नवी पोरं बघून वाटतं, हे आपल्याकडेच आलेत, यांना रस्ता दाखवायला कुणीतरी घरी हवं. हे मुलाला सांगितलं तर म्हणेल, बाबा, ते फोनवर मॅप बघतात.

बाकी तुझं कसं? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी मी इथून रोज बघत होतो, गोठा हलवावा लागला का? वहिनींना नमस्कार. धाकटीचं ठरलं असेल तर तारीख आधी कळव, तिकिटं महाग होतात. दुधाच्या दराबद्दल पुन्हा शिव्या लिहिल्यास तरी चालेल, सविस्तर लिही.

एजंटला महिनाअखेर उत्तर द्यायचंय. त्याआधी तुझं मत हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवून सुटू नकोस, आणि 'तुझं तू बघ' असं लिहिलंस तर कुकरच्या वर्गणीचा हिशोब व्याजासकट पाठवीन.

तुझाच,
दिल्या