नकाशा देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव छापू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘सॉल्ट लेक सिटीचे काका’ म्हणतो. ओळखणारे ओळखतीलच.

युटामधल्या ग्लेन कॅन्यनचा धरणाआधीचा नकाशा मला हवा होता. १९५० च्या दशकातला, १:६२,५०० प्रमाणाचा, म्हणजे इंचाला जवळजवळ एक मैल. त्याचं स्कॅन सरकारी साइटवर फुकट मिळतं, हे मला किती जणांनी ऐकवलं! एका विक्रेत्याने तर तेच छापून ‘अस्सल जुना’ म्हणून गळ्यात मारलं. दुसऱ्याचा नकाशा खरा होता, पण घड्यांवर चक्क सेलोटेप. पैसे परत मागितल्यावर दोघेही गप्प.

तुम्ही मात्र फोनवर फक्त पत्ता विचारलात. कशाला हवाय, हेही नाही. विद्यार्थीदशेत घेतलेला, एवढी वर्षं घडी न घालता जपलेला कागद अनोळखी पोराला कोण देतं हो?

पण खरं सांगू? नकाशापेक्षा मला त्याच्यासोबतच्या ट्रान्सपरन्सीने, म्हणजे नकाशावर ठेवायच्या पारदर्शक कागदाने, रडवलं. तिच्यावर तुम्ही निळ्या पेनाने लेक पॉवेलचा, म्हणजे धरणामुळे झालेल्या तलावाचा, काठ काढलाय, तलाव पूर्ण भरल्यावरचा, समुद्रसपाटीपासून ३,७०० फूट उंची धरून. एस्कलांटे नदीच्या प्रत्येक घळीत ती रेघ आत शिरते, वळते, बाहेर येते. उभ्या कड्यांपाशी सारखी उंची दाखवणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा एकमेकींना इतक्या चिकटल्यात की तिथे तुमचा हात थरथरलेला दिसतो. ट्रान्सपरन्सी ठेवली की १९८० चा तुडुंब तलाव. उचलली की मार्च १९६३ मध्ये धरणाचे दरवाजे बंद होण्याआधीची वाहती कोलोरॅडो नदी. २०२३ मध्ये पाणी विक्रमी खाली गेलं तेव्हा उघड्या पडलेल्या घळी मी पाहिल्या होत्या. पाणी ओसरल्यावर कड्यांवर उरलेला तो पांढरा पट्टाही. पण किती बुडालं होतं, ते आत्ता कळलं.

संगणकावर हे पाच मिनिटांचं काम आहे म्हणे. असेल.

आणि पार्सलमध्ये साधी चिठ्ठीही नाही! मागितल्यापेक्षा जास्त द्यायचं आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, अशी माणसं अजून आहेत, तेही टपालखर्च नाकारणारी.

एक विचारायचं राहिलं. एस्कलांटेच्या वरच्या अंगाला एका घळीपाशी तुम्ही बारीक प्रश्नचिन्ह ठेवलंय. रेघेबद्दल शंका होती की घळीबद्दल? रविवारी फोन करतो.

तुमचा,
तोच अनोळखी पोरगा