काळ्या रानातून मंगलला

परभणी
20 मे

प्रिय मंगल,

परवा फोनवर तू अकोल्याहून म्हणालीस, "अगं, या काळ्या मातीत साधी कोथिंबीर उगवत नाही, माझ्याच हाताला काहीतरी झालंय." मला हसू आलं, कारण लग्न होऊन इथे आले तेव्हा मी हेच वाक्य माझ्या आईला लिहिलं होतं. तेव्हाच सगळं सांगणार होते, पण तुझ्या नातवाने फोन ओढून घेतला. म्हणून हे पत्र. सावकाश वाच, आणि अर्धं वाचून टिकाव हातात घेऊ नकोस.

तुझ्या हाताला काही झालेलं नाही. तो हात रत्नागिरीच्या जांभ्या मातीवर तयार झालाय, एवढंच. आपल्याकडे आषाढात रात्रभर कोसळलं तरी सकाळी परसात जाऊन पडवळाला काठी लावता यायची. पाणी आणि पैसा आपल्या घरात टिकत नाही, असं तुझी आई म्हणायची, आठवतं? इथे पैशाचं माहीत नाही, पण पाणी टिकतं. इतकं टिकतं की रोपं गुदमरतात.

ही माती म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड झिजून झालेला बारीक, चिकट गाळ. तिचे कण वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात. पाणी पानांच्या मधे शिरलं की वही फुगते, वाळलं की आकसते. सध्या आमच्या परसात इतक्या भेगा आहेत की काल त्यातल्या एकीत शाळेची लाकडी फूटपट्टी घातली, ती सबंध आत गेली आणि तळ लागला नाही. मागच्या मे महिन्यात माझं खुरपं असंच एका भेगेत घसरलं. काठीने, चिमट्याने, सगळं करून पाहिलं. मग मृगाचा पाऊस आला, भेग मिटली आणि खुरपं जमिनीने ठेवून घेतलं ते घेतलंच. वरची भुसभुशीत माती दरवर्षी अशीच भेगांतून खाली जाते आणि पावसाळ्यात फुगताना खालची वर ढकलली जाते. जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. शास्त्रज्ञ या जमिनीला व्हर्टिसॉल म्हणतात, ते 'उलटणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून.

आता माझे पराक्रम ऐक, म्हणजे तुला ते करावे लागणार नाहीत.

पहिल्या वर्षी मी आपल्याकडच्या आळ्यांसारखे दीड-दोन फुटांचे खड्डे घेतले. घराच्या बांधकामाची वाळू उरली होती, ती आणि शेणखत त्यात भरलं. इतकं सुरेख, हलकं मिश्रण झालं होतं की मी शेजारणींना बोलावून दाखवलं. पहिला मोठा पाऊस झाला आणि खड्ड्यांचे हौद झाले. भोवतालची माती पाणी सोडेना, आतल्या हलक्या मातीत सगळीकडचं पाणी येऊन बसलं. टोमॅटोची रोपं तीन दिवसांत पिवळी पडून माना टाकून बसली. उपटली तर मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि कुजक्या अंड्यासारखा वास. जिथे वाळू सरळ मातीतच कालवली होती, तिथे दसऱ्यानंतर फरशी तयार झाली. ह्यांनी पहारेने फोडली, तर म्हणाले, आता फक्त भट्टी लावायची बाकी आहे. थोडीशी वाळू घातली तर तिच्या कणांमधल्या फटीत चिकण बसते आणि सिमेंटसारखं घट्ट होतं. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागेल, तेवढी कोण आणणार?

दुसऱ्या वर्षी त्याहून भारी. सगळे तलावातला गाळ नेत होते, मीही एक ट्रॉली टाकून घेतली. मुरमाड, हलक्या रानाला गाळ म्हणजे सोनं. पण माझ्याकडे आधीच चिकण, त्यावर मी पैसे देऊन आणखी चिकण आणली!

त्या श्रावणात मी गुडघे चिखलात टेकून खणत होते. शेजारच्या आखाड्यावरची, म्हणजे शेतातल्या वस्तीवरची, एक म्हातारी दूध घालायला यायची, ती कुंपणाशी थांबली. "काय करायलाव बाई? वाफसा तरी येऊ द्या की," म्हणाली. वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना दगड अशी कामाजोगी ओल. हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, हाताला माहीत नव्हता. चार दिवसांनी ती स्वतः आत आली, बोटभर खोलून मूठभर माती घेतली, दाबली, अंगठ्याने घासून पाहिली. चकाकली. "आज नाही." आणखी दोन दिवसांनी तसाच गोळा करून कमरेच्या उंचीवरून खाली सोडला. तो फुटून भुगा झाला. "आता लागा." त्यानंतरच्या तीन दिवसांत मी जेवढं काम केलं तेवढं आधीच्या दोन महिन्यांत झालं नव्हतं, आणि पाचव्या दिवशी माती पुन्हा दगड. हलक्या रानात वाफसा आठवडाभर रेंगाळतो. इथे तो चार दिवसांचा पाहुणा. ओली असताना खणलीस तर फावड्याच्या पात्याने ती लिंपल्यासारखी गुळगुळीत होते, त्यातून ना पाणी जातं ना मूळ, आणि ते दुखणं पुढचा सबंध हंगाम राहतं.

मग मला उत्तर दिसलं ते कुंपणापलीकडे. तिथे सोयाबीन पेरलं होतं, रुंद वरंब्यावर चार ओळी आणि दोन्ही बाजूंना सऱ्या. ही रुंद वरंबा सरीची पद्धत हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने अशाच काळ्या जमिनींसाठी बसवली. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, मुळं वर कोरडी राहतात. मी खाली जात होते, ते लोक वर गेले होते! मी तसाच गादीवाफा केला, फक्त भाजीसाठी जरा उंच.

तू असं कर. मृगाला तीन आठवडेही नाहीत, तेव्हा आत्ता काहीच खणू नकोस. दोरी धरून नुसते वाफे आखून ठेव. रुंदी चार फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो. लांबी जागेप्रमाणे. मधे दीड फुटाची वाट, आणि वाटेचा उतार तुमच्या गटाराकडे, घराच्या पायाकडे मुळीच नाही. पूर्ण कुजलेलं खत आणून वाफ्याच्या जागेवर पसर आणि खराट्याने भेगांमध्ये लोट. भेगा आहेत तोवर हे फुकटचं काम आहे. पहिल्या दोन पावसांत ढेकळं आपोआप विरघळतात, तेव्हा टिकावाने फोडत बसू नकोस, तुझी कंबर आता विशीतली नाही. मग वाफसा आला की वाफ्यातली माती एक फावडंभर नुसती सैल कर. वाटेवरची वरची माती उचलून वाफ्यावर टाक. वाट खाली जाते, वाफा वर येतो, त्याच वाटेची सरी होते. वर दोन घमेली मातीला एक घमेलं खत, आणि अर्धं घमेलं काहीतरी भरड: सोयाबीनचं भुसकट, तुझ्याकडे कुटार म्हणतात ते, किंवा वाळलेला पाला कुस्करून. सगळं मिळून फूटभर उंच. बाजू उतरत्या ठेव. मी हौसेने सिमेंट लावून विटांची कड बांधली होती, पहिल्याच पावसाळ्यात माती फुगली आणि कड तीन ठिकाणी तडकली. आता शहाबादीचे तुकडे नुसते टेकवून ठेवते. कलले की सरळ करते.

एकदा वाफा झाला की त्यावर पाय म्हणून ठेवायचा नाही. नातवाचाही नाही. वर्षभरात तो बसतो, एक तृतीयांश तर नक्की, आणि तुला वाटेल सगळं फुकट गेलं. तसं नाही. इथल्या उन्हात खत भराभर जळून जातं, म्हणून दर हंगामाला वर घालत राहायचं. माझ्या मातीचा सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या खत-पाल्याचा अंश, पहिल्या तपासणीत 0.34 टक्के आला होता. सहा वर्षांनी 0.81 टक्के. चिकण तेवढीच आहे, पण आता ती हातात रव्यासारखी पडते. चिकण काढता येत नाही गं, तिला फक्त दाणेदार करता येतं.

खताचं एक सांगते. अर्धकच्चं शेण आणू नकोस, कितीही स्वस्त मिळालं तरी. मी आणलं आणि भाद्रपदात वांगी एकेक करून वाळू लागली. उपटली तर मुळाशी पांढऱ्या, वेटोळं घातलेल्या हुमणीच्या अळ्या. शेणाला ऊब नसावी, वास नसावा, गवताची काडी ओळखू येऊ नये, मगच ते खत. आणि घरचा ओला कचरा, पाला, थोडं शेण यांचे थर देऊन ढीग घाल, अधूनमधून उलथून टाक. आल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रजाने 1924 ते 1931 इंदूरला राहून, तिथल्या अशाच काळ्या मातीत, हे थरांचं तंत्र इथल्या शेतकऱ्यांकडे बघून बसवलं. ते जगभर इंदूर पद्धत म्हणून गेलं. आपण मात्र कचऱ्याच्या गाडीची वाट बघत उभ्या राहतो.

आता खास तुझ्या अकोल्याचं. तिथे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, बोअरचं पाणी खारट आणि जमीन ठिकठिकाणी चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली. म्हणून माझं सगळं तुला लागू पडेलच असं नाही. एक साधी चाचणी कर. वाळलेलं बोराएवढं ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यात अलगद सोड आणि हलवू नकोस. ते विस्कटलं पण पाणी स्वच्छ राहिलं, तर आनंद आहे. भोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं आणि दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, तर जमिनीत सोडियम जास्त आहे. तशा जमिनीला जिप्सम खरंच उपयोगी पडतं. माझ्यासारख्या चुनखडीच्या जमिनीत मात्र ते पैसे मातीत घालणं आहे, तरी दुकानदार दोघींनाही तेच देईल. म्हणून मुलाला सांगून माती आणि बोअरचं पाणी, दोन्ही तपासून घे. तुमच्या गावातच पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, आणखी काय हवं! पाणी खारट निघालं तर छपराचं पावसाचं पाणी साठवल्याशिवाय भाजीच्या नादी लागू नकोस.

आणखी एक घोटाळा होईल. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की तू युरिया टाकशील. ती लोहाची कमतरता. लोह जमिनीत आहे, पण चुना ते झाडाला देत नाही, म्हणून जमिनीत हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, टाकूनही काही होत नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस विरघळवून, थोडी चुन्याची निवळी घालून, संध्याकाळी पानांवर फवार. आठ-दहा दिवसांत पान फिरतं.

काय लावायचं? अंबाडी, भेंडी, गवार, चवळी पावसाळ्यात डोळे मिटून लाव. वांगं या मातीत जे होतं ते आपल्या कोकणात कधी झालं नाही, हे मी माहेरीसुद्धा सांगते आणि शिव्या खाते. थंडीत मेथी, पालक, लसूण. मिरची फक्त वाफ्याच्या मधोमध, कडेला नाही, तिला पाय ओले चालत नाहीत. गाजराचा हट्ट धरू नकोस. माझं पहिलं गाजर दोन पायांचं निघालं होतं, ह्यांनी त्याला कागदाची पँट घातली. आणि कोथिंबीर, जिच्यावरून हे सगळं रामायण: धणे रगडून दोन डाळी कर, रात्रभर भिजव, वाफ्यावर अर्ध्या बोटाच्या खोलीवर पेर आणि वर मातीऐवजी चाळलेलं खत पसर. तुझी कोथिंबीर उगवत नव्हती असं नाही, पावसाच्या सरीनंतर वरची माती पापडासारखी कडक होत होती आणि मोड त्याखालीच मरत होते.

गादीवाफ्याची एक खोड सांगितली नाही तर तू मला मार्चमध्ये फोन करून बोलशील. उन्हाळ्यात तो सपाट जमिनीपेक्षा लवकर सुकतो. मी होळीनंतर निम्मे वाफे पाल्याने झाकून निजवते आणि बाकीच्यांत थोडीशीच पालेभाजी ठेवते. त्यावर चार बोटं पाचटाचं आच्छादन, झारीने सकाळी पाणी. चार वाफ्यांची हौस असेल तर आत्ता दोनच कर.

सोबत अंबाडीचं आणि आपल्या घरच्या पडवळाचं बी पाठवते. पडवळाचं बी माझ्या आईच्या वेलापासून चालत आलेलं आहे, दरवर्षी एक पडवळ वेलावरच वाळू देऊन धरलेलं. इथे ते जरा आखूड होतं, पण चवीला तेच. सहा बिया आहेत, तीन या वर्षी लाव, तीन जपून ठेव.

तुझी,
सुलू

ता. क. पावसाळ्यात परसात पट्ट्याची चप्पल घालून जाऊ नकोस. माझी एक डावी चप्पल अजून दुसऱ्या आणि तिसऱ्या वाफ्याच्या मधे कुठेतरी आहे, खुरप्याला सोबत.