मॉडेलर बदनाम, चूक जोडणीची

संपादक महोदय,

तळहाताएवढा गिटार अ‍ॅम्प मॉडेलर (अ‍ॅम्प आणि त्याच्या स्पीकरच्या आवाजाची नक्कल करणारे यंत्र) हेडफोन किंवा मिक्सरला थेट जोडायला उत्तम. तोच मॉडेलर खऱ्या गिटार अ‍ॅम्पला लावताना मात्र त्यातले कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरपेटीच्या आवाजाची नक्कल) बंद करावे आणि केबल शक्यतो अ‍ॅम्पच्या इफेक्ट्स रिटर्नमध्ये (अ‍ॅम्पचा सुरुवातीचा टप्पा वगळणाऱ्या सॉकेटमध्ये) घालावी. नाहीतर स्पीकरचा रंग दोनदा चढून आवाज दबका, कोंदट होतो, आणि शिव्या खातो मॉडेलर! साध्या इफेक्ट पेडलसाठीचे पॉवर सप्लायचे १०० मिलिअँपिअरचे आउटलेटही बहुतेक मॉडेलरना पुरत नाही. ९ व्होल्टच्या अनेक मॉडेलना ३०० ते ५०० लागतात. करंट कमी पडला की गुणगुण येते किंवा यंत्र मध्येच बंद पडते. हळू आवाजात बसवलेला टोन मंचावर बास आणि ट्रेबलने भरून जातो, म्हणून तो मोठ्या आवाजातच बसवावा.

– एक गिटारवादक