उणे आठच्या पाटीखाली वितळणारा बर्फ : तिकिटाचे पैसे परत मिळण्याबाबत

दिनांक : ५ जानेवारी २०२६
चेंबूर, मुंबई

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
बर्फशिल्प उद्यान

विषय : शनिवार, २७ डिसेंबर २०२५, सायंकाळी ५ ते ६ या वेळेची चार तिकिटं, जाहिरातीप्रमाणे सेवा न मिळाल्याने पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

संदर्भ : आपलं ३० डिसेंबरचं ई-मेल उत्तर आणि सोबतचं २० टक्के सवलतीचं कूपन.

महोदय / महोदया,

आपण पाठवलेलं कूपन रद्द करावं, मी ते वापरणार नाही. जिथे पुन्हा पाऊल टाकायची इच्छा नाही, तिथली सवलत घेऊन मी काय करू? मला पैसे परत हवे आहेत. माझी पहिली तक्रार चार ओळींची होती आणि ती तेवढ्यावरच मिटावी असं मलाही वाटत होतं. पण आपल्या उत्तरातल्या एका वाक्यामुळे हे लांबलचक पत्र लिहावं लागतंय. ते वाक्य असं : "बर्फ हा नैसर्गिक पदार्थ असून तो वितळणे स्वाभाविक आहे, याची कृपया नोंद घ्यावी."

नोंद घेतली. बर्फ शून्य अंशाला वितळतो, हे आमच्या घरात चौथीतल्या मुलालाही ठाऊक आहे. आपल्या दालनात शिरताच डाव्या हाताला लाल आकड्यांची जी मोठी पाटी आहे, ती मात्र उणे ८.० दाखवत होती. पाटी खरी असेल तर पाणी व्हायला नको, आणि पाणी खरं असेल तर पाटी खोटी. पाणी खरं होतं. माझ्या मुलाचे मोजे त्यात घोट्यापर्यंत भिजले.

आता हे मी कोणत्या अधिकाराने लिहिते, तेही सांगते. तळोज्याच्या एका मासळी निर्यात कारखान्यात मी गुणवत्ता विभागात काम करते. आमची कोळंबी आणि माकूल उणे ४० च्या फ्रीझरमधून निघून उणे १८ च्या कोल्ड स्टोअरमध्ये जातात, आणि त्या स्टोअरच्या तापमानाची नोंद ठेवणं, सेन्सर तपासणं, ऑडिटरपुढे लॉगबुक उघडणं ही माझी रोजची नोकरी. थंड खोली कशी वागते ते मला कुणी समजावून सांगायला नको. दार उघडलं की आकडा चढतो. माणसं आत आली की आणखी चढतो. डिफ्रॉस्ट, म्हणजे गारवा देणाऱ्या नळ्यांवर साचलेला बर्फ वितळवणं, सुरू झालं की आणखी थोडा. मग हळूहळू उतरतो. चालू खोलीचा आकडा कधीच एका जागी बसत नाही.

आपला बसला होता. आम्ही आत गेलो तेव्हा उणे ८.०, मध्ये साठ-सत्तर माणसांची तुकडी एकदम आत सोडली तेव्हा उणे ८.०, शेजारच्या आडदारातून सामानाची ट्रॉली आली आणि ते दार कितीतरी वेळ सताड उघडं राहिलं तेव्हाही उणे ८.०. दशांशाच्या पुढचं शून्यसुद्धा हललं नाही. त्या पाटीला सेन्सर जोडलेला आहे की नुसती वीज, हे आपल्या तंत्रज्ञांना विचारून मला लेखी कळवावं.

माझ्या पर्समध्ये कामाचा प्रोब थर्मामीटर असतो, म्हणजे तापमान मोजणारी टोकदार सळई असलेला. बायका पर्समध्ये काय काय ठेवतात यावर माझे यजमान एरवी बोलत असतात, त्या दिवशी बोलले नाहीत. छातीच्या उंचीवर, भिंतीपासून आणि माणसांपासून लांब धरून मी हवेचं तापमान घेतलं. आकडा स्थिर झाला तो अधिक ३.४ वर. यावर आपण म्हणाल, तुमचा थर्मामीटरच चुकीचा असेल. थर्मामीटर तपासायची सगळ्यात जुनी आणि सोपी पद्धत म्हणजे बारीक बर्फ आणि पाणी यांच्या काल्यात प्रोब बुडवायचा. तो शून्य दाखवायला हवा. असा काला आपल्या दालनात जमिनीवरच तयार होता. त्यात प्रोब बुडवला, ०.१ दाखवलं. मग पुन्हा हवेत धरला, पुन्हा अधिक साडेतीनच्या आसपास. पाटी आणि प्रोब एकाच चौकटीत दिसतील असा फोटो सोबत जोडला आहे.

दिव्यांच्या उष्णतेने बर्फाचा वरचा थर सुटतो, हे खरं आहे. पण ते पाणी उणे आठच्या खोलीत जमिनीवर पडलं की पुन्हा गोठतं, डबकी होत नाहीत. जमीन घसरडी होऊ नये म्हणून मीठ टाकलं असेल तर पाणी शून्याखालीही पातळ राहतं, तेही मान्य. मी दारातल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "मीठ कशाला टाकू मॅडम? लादी पुसायला फडकं पण नाय दिलं."

हे झालं तापमानाचं. आता शिल्पांकडे येते, कारण आम्ही आलो होतो ती शिल्पं बघायला.

आपल्या होर्डिंगवर "हार्बिन आता मुंबईत! ४० अस्सल बर्फशिल्पं" असं लिहिलं आहे आणि खाली रोषणाईने उजळलेले बर्फाचे प्रचंड मनोरे. ते मनोरे चीनमधल्या हार्बिनचेच आहेत. तिथे डिसेंबरात सोंगहुआ नदी गोठते, नदीतून बर्फाचे ठोकळे कापून काढतात, ते एकमेकांवर रचतात आणि आत दिवे सोडतात. १९८५ पासून दरवर्षी हा महोत्सव भरतो आणि ५ जानेवारीला, म्हणजे आजच्याच तारखेला, त्याचं उद्घाटन होतं. रात्री पारा उणे वीसच्याही खाली जात असल्यामुळे ते सगळं उघड्यावर उभं राहतं. मुंबईत तसं होणार नाही हे कळण्याइतकी अक्कल तिकीट काढणाऱ्याला असते. आमची अपेक्षा मनोऱ्यांची नव्हती. जे अस्सल बर्फ म्हणून विकलं, ते बर्फाचं असावं, इतकीच होती.

दाराजवळचा हंस बर्फाचा नाही. मानेखालून पोटापर्यंत साच्याची शिवण सरळ दिसते, आणि डाव्या पंखाखाली हवेचा एक गोल बुडबुडा अडकला आहे, साच्यात पारदर्शक राळ (रेझिन) ओतताना अडकतो तसा. मी हातमोजा काढून बोट टेकवलं. बोट ओलं झालं नाही, गार पडलं नाही, मागे ठसा उमटला नाही. ताजमहाल, पेंग्विनांची रांग, सिंहासन, सेल्फीसाठी ठेवलेली बग्गी, सगळ्यांची हीच कथा. खरा बर्फ ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. आपल्याकडच्या कारखान्यात डबे थंड मिठाच्या पाण्यात सोडून लादी करतात, ती चारही बाजूंनी गोठत आत जाते आणि पाण्यातली हवा मध्यभागी कोंडली जाते, म्हणून लादीचं पोट दुधाळ असतं. कोरीव कामासाठी काचेसारखा आरपार बर्फ हवा असेल, तर पाणी खालून वर गोठवतात आणि वरचं पाणी सतत हलतं ठेवतात. तो बर्फ महाग पडतो. महाग पडतो म्हणून फायबर आणि राळ वापरायला माझी हरकत नाही, पण मग पाटीवर तसं लिहा.

तुमच्याकडे खऱ्या बर्फाची शिल्पं होती, नाही असं नाही. आम्ही मोजली तेव्हा सहा भरली. त्यांतली एक सुरमई होती, साधारण हातभर लांब, शेपटी वळवून उसळी मारलेली. कल्ला बरोबर जागी, पाठीवरचा पर बरोबर, शेपटीकडच्या बारीक परांची ओळसुद्धा चुकलेली नाही. मासळीत आयुष्य काढणाऱ्या बाईने थांबून बघावं असं काम होतं. कारागीर कोण, याची पाटी कुठेच नाही. आम्ही बाहेर पडायच्या आत शेपटीचं एक टोक गळून खाली पडलं. ज्याने कुणी ती सुरमई कोरली, त्याला तुम्ही कसल्या खोलीत काम करायला लावलंत याचा तरी विचार करा.

आणि "२० फुटी बर्फाचा रायगड". माझा मुलगा चौथीत आहे, यंदा इतिहासात महाराजच शिकतो आहे, आणि खरं सांगायचं तर आम्ही गेलो ते या रायगडासाठी. रायगडावर निळी ताडपत्री होती. ताडपत्रीच्या फटीतून नगारखान्याची कमान दिसत होती, एका बाजूला कललेली, मागून बांबूचे टेकू. बर्फाचे ठोकळे जोडायला पाणीच वापरतात, ते गोठलं की जोड पक्का होतो. खोली शून्याच्या वर गेली की आधी जोडच सुटतात. मुलाने विचारलं, "आई, महाराजांचा किल्ला झाकून का ठेवलाय?" याचं उत्तर मी दिलं नाही, आपण द्यावं. रायगड बंद असल्याचं तिकीट खिडकीवर, वेबसाइटवर किंवा दारावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पैशांचा हिशेब. वेबसाइटवर तिकीट ८९९ रुपये, "जॅकेट, बूट, हातमोजे समाविष्ट". चार तिकिटांचे ३,५९६. पैसे भरायच्या शेवटच्या पानावर २१२ रुपये सुविधा शुल्क उगवलं, ते आधी कुठे दिसलं नव्हतं. तिथे पोचल्यावर कळलं की हातमोजे समाविष्ट नाहीत, विकत घ्यायचे, जोडी १२० ला. पायमोजे सक्तीचे, जोडी ६० ला. चपला-बूट ठेवायला लॉकर १५० ला. हातमोजे आणि पायमोजे चौघांचे धरून असे सगळे मिळून ४,६७८ रुपये. सासूबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "एवढ्यात माथेरान झालं असतं, आणि थंडीही लागली असती." भाड्याचं जॅकेट आतून ओलसर होतं, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

वेळेबद्दलही थोडक्यात. आमची वेळ ५ ची. पत्र्याच्या मंडपात रांगेत उभं करून ५.२५ ला आत सोडलं आणि ६ च्या ठोक्याला शिट्टी वाजवून बाहेर काढलं. एक तासाचे पैसे, पस्तीस मिनिटं दर्शन.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते, कारण अशा तक्रारींची शिक्षा नेहमी खालच्या माणसाला होते. हातमोजे देणारी मुलगी, दारातला मुलगा, सासूबाईंना स्वतःची खुर्ची देणारा सुरक्षारक्षक, यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. उलट तो दारातला मुलगा साध्या कॅनव्हासच्या भिजलेल्या बुटांत पाण्यात उभा होता. आमच्याकडे थंड खोलीत काम करणाऱ्याला गमबूट, जाड जॅकेट आणि मध्येमध्ये बाहेर उबेला बसायची सुट्टी मिळते. ग्राहकाला भाड्याने द्यायला तुमच्याकडे बूट आहेत, त्यांतला एक जोड त्याला द्यायला हरकत नसावी.

आता कायद्याचं. तिकिटामागे बारीक अक्षरात "पैसे परत मिळणार नाहीत" असं छापलं आहे. असं छापल्याने विषय संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे खोटं वर्णन करणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते, आणि सदोष सेवेचे पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. शेवटच्या पानावर हळूच शुल्क वाढवण्याचा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नाव घेऊन नोंदवला आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी हेच प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. शिवाय ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लागत नाही. आमच्या सोसायटीत मुंबई ग्राहक पंचायतीचा संघ आहे, महिन्याचं वाणसामान वाटताना असल्या गोष्टींची चर्चा होतेच, त्यामुळे कागद कसे लावायचे ते सांगणारी माणसं मला चार जिने उतरायच्या आत भेटतात.

माझं मागणं असं. ४,६७८ रुपये ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत जमा करावेत. होर्डिंग आणि वेबसाइटवरून "अस्सल" हा शब्द आणि हार्बिनचे फोटो काढावेत, किंवा खरी शिल्पं किती आणि नकली किती हे तिथेच लिहावं. रायगड दुरुस्त होईपर्यंत त्याच्या नावाने तिकीट विकू नये. आणि २७ डिसेंबरच्या दुपारी ४ ते रात्री ८ या वेळेतल्या दालनाच्या तापमानाच्या नोंदी मला पाठवाव्यात. नोंदी ठेवतच नसाल, तर तसं लेखी कळवावं, तेवढंही माझ्या कामाला पुरेल.

१५ दिवसांत पैसे किंवा समाधानकारक उत्तर आलं नाही, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करीन आणि त्यानंतर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगाकडे. यापुढचं उत्तर आपोआप जाणाऱ्या साच्यातलं नको, माणसाने लिहिलेलं आणि खाली पदनाम असलेलं हवं.

कळावे,

आपली ग्राहक
(नाव व मोबाइल क्रमांक तिकीट नोंदणीप्रमाणे)

सोबत : चार तिकिटांची प्रत, हातमोजे, मोजे व लॉकरच्या पावत्या, पाटी व प्रोबचा एकत्र फोटो, हंसाच्या मानेखालच्या शिवणीचा फोटो, ताडपत्रीखालच्या रायगडाचा फोटो, होर्डिंगचा फोटो, आपल्या ३० डिसेंबरच्या ई-मेलची प्रत.