टॉवेलचा पदर

ताई,

काल संध्याकाळी आई काठी टेकत ओट्यापर्यंत आली आणि शेजारणीशी भांडली. भांडण गोवऱ्यांवरून होतं, पण ऐकताना माझे डोळे भरून आले. सहा महिने हा आवाज घरात नव्हता. तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. पण आईला तुम्ही पुन्हा चालतं केलंत, त्याचे आभार चारचौघांत मानायचे होते.

दिवाळीच्या तोंडावर आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढची. आधी जिथं व्यायामाला नेत होतो, तिथले साहेब तिला दांडीला धरून उभं करायचे आणि मोबाईल बघत आकडे मोजायचे. दुखतंय म्हटलं की, "आजी, मेहनतच करायची नाही तर कसं होणार?" सारा जन्म लोकांच्या शेतात कपाशी वेचलेल्या बाईला! शेवटी इंग्रजीत छापलेला कागद हातात दिला आणि तिच्यादेखत मला म्हणाले, या वयात एवढंच. त्या दिवसापासून तिनं खाट धरली.

तुम्ही "पाण्यात चालवू" म्हणालात तेव्हा, खरं सांगतो, मला थट्टाच वाटली. आमच्या गावात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी. तरी आलो अमळनेरहून धुळ्याला. तुम्ही मला समजावलंत की कमरेएवढ्या पाण्यात अंगावर निम्मंच वजन येतं, छातीएवढ्या पाण्यात जेमतेम तिसरा हिस्सा, म्हणून मोडलेला पाय उचलायला धजावतो. पाणी साधारण 33 ते 35 अंश कोमट हवं म्हणालात. चैत्रातल्या धुळ्यात त्याची काय ददात! आईला मात्र तुम्ही आकडे नाही सांगितले. "माय, घागर पानीमा हलकी लागस ना? वर उनी का जड व्हस. तसंच तुनं आंग शे." तिला लगेच पटलं.

पटलं, पण उतरेना. लुगडं पायात अडकेल म्हणून तुम्ही सलवार-कुडता आणला होता, तोही तिनं कुरकुरत घातला. अडलं ते पदरापाशी. "डोकावर पदर नही, अन् पानीमा काय उतरू?" मला तर रागच आला होता, ताई. एवढ्या लांब आणलं आणि पदराचं काय घेऊन बसलीस! तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. पिशवीतला पिवळा टॉवेल काढून तिच्या डोक्यावर घेतलात, टोकं हनुवटीखाली खोचलीत. मग दुसरा काढलात आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलात. तशाच तिच्याआधी पायऱ्या उतरलात आणि हात पुढं केलात.

कठड्याशी दोन पोरं हसली. तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत.

पुढचे सगळे दिवस तुमच्या डोक्यावर तो टॉवेल होता. बाहेर येताना शेवटच्या पायरीवर अंगाचं वजन परत येतं, तिथं आई घाबरायची. तर तुम्ही ओल्या फरशीवर तिच्याशेजारी फतकल मारून बसायच्या. पैसे यातल्या कशाचे घेतलेत? माणुसकी शिकवणारं कॉलेज कुठं असेल तर त्या साहेबांनाही पत्ता द्या.

आईनं तुमच्यासाठी बिबड्या वाळत घातल्यात, पुढच्या आठवड्यात घेऊन येतो. टॉवेल मात्र परत मिळायचा नाही. तो तिनं घडी करून पेटीत ठेवलाय, लुगड्यांच्या वर.