बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

इथाका, न्यूयॉर्क

तीर्थरूप आई व बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मालक-कामगारांची भांडणे वर्गात बसून शिकता येतात का, असे तुम्ही रविवारी फोनवर विचारलेत. तेव्हा घाईत राहून गेलेले उत्तर आज लिहिते.

कॉर्नेल विद्यापीठातले आमचे औद्योगिक व कामगार संबंधांचे विद्यालय न्यूयॉर्क राज्याने कायदा करून स्थापन केले आणि ते १९४५ मध्ये सुरू झाले. त्यामागे आयर्विंग आइव्हज या आमदाराची खटपट होती. औद्योगिक संबंधांवरील विधिमंडळ समितीचे ते अध्यक्ष होते, आणि कामगार व मालक या दोन्ही बाजूंची माणसे एकत्र शिकली तर वाटाघाटींना समजुतीचा पाया मिळेल, अशी त्यांची धारणा होती. पहिले अधिष्ठाताही तेच झाले. सुरुवातीची काही वर्षे वर्ग पत्र्याच्या अर्धगोल तात्पुरत्या शेडमध्ये भरत, आणि विद्यार्थ्यांत युद्धावरून परतलेले जवान बरेच असत.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते विद्यालयाच्या आवाराबाहेरचे काम. युनियनच्या कार्यकर्त्यांसाठी विद्यालयाने राज्यातल्या निरनिराळ्या शहरांत अगदी आरंभापासून वर्ग चालवले. इंग्रजीतला करार वाचून घ्यायला तुम्ही पाळी संपल्यावर वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे जात होतात, ते मला अजून आठवते. असा एखादा वर्ग परळला असता, तर तो करार तुम्हीच खात्यातल्या सगळ्यांना समजावून दिला असतात, याबद्दल मला शंका नाही.

आई, येथे फ्रान्सेस पर्किन्स यांनीही शिकवले. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, एक दार कुलूपबंद असल्याने अनेकींना बाहेर पडता आले नाही, आणि १४६ जीव गेले; त्यांत बहुतेक शिवणकाम करणाऱ्या तरुण मुली होत्या. ती आग पर्किन्स यांनी डोळ्यांनी पाहिली होती. पुढे १९३३ पासून बारा वर्षे त्या देशाच्या कामगारमंत्री होत्या, आणि १९५७ पासून १९६५ मध्ये निधन होईपर्यंत त्या येथे शिकवत राहिल्या.

त्या आगीची आणि शिवणकामगारांच्या युनियनची कागदपत्रे विद्यालयाच्या संग्रहात जपलेली आहेत. परवा ती चाळताना आपल्या माळ्यावरची ट्रंक आठवली. बाबा, तिच्यातली ब्याऐंशीच्या संपाची पत्रके आणि वर्गणीच्या पावत्या कृपा करून रद्दीत देऊ नका. आई, ती कोरड्या जागी ठेव. दिवाळीत आले की मी स्वतः त्यांची यादी करीन.

तुमची लेक